शेजारभाषेचे वावडे

ज्या गावी पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, त्या गावाचे नावदेखील आम्हांस पहिली दीड वर्षे धड उच्चारता येत नव्हते, ही गोष्ट आरंभीच कबूल केलेली बरी. २०२२ साली बदलीचा हुकूम हाती पडला. त्यावर इंग्रजीत जे नाव छापले होते, ते वाचून आम्ही घरी कळविले, ‘एन्नोरला जावे लागत आहे.’ पुढे सर्वांशी बोलताना, पत्ता लिहिताना, फोनवर सांगताना एन्नोर हेच रूढ झाले. वास्तविक रेल्वे स्थानकाच्या पाटीवर तमिळ अक्षरांत स्वच्छ लिहिलेले आहे : एण्णूर. त्यातला ‘ऊर’ म्हणजे गाव. चेन्नईहून गुम्मिडिपूंडीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले म्हणजे तिरुवोट्रियूर, एण्णूर, मिंजूर अशी ‘ऊर’ ओळीने लागतात. ज्या तंजावरचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तेही मुळात तंजावूरच. त्या पाटीखालून आम्ही शेकडो वेळा गेलो. परंतु गाव वाचले नाही, इंग्रजी तेवढी वाचली.

आता मधूनमधून बदली होऊन येणारे मराठी सहकारी आम्हांला विचारतात, ‘तमिळ स्वतःच्या स्वतः शिकायची तर सुरुवात कोठून करावी?’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर आहे आणि ते आम्ही पुढे देणारच आहोत. पण अनुभवाने आमचे असे मत झाले आहे की, पुस्तक कोणते घ्यावे, रोज किती वेळ द्यावा, हे प्रश्न नंतरचे होत. खरी अडचण वेगळी आहे. आपल्या माणसांना शेजारभाषेचे वावडे आहे, आणि या वावड्याला आपण नाना सभ्य नावे देऊन ठेवली आहेत. ती नावे प्रथम तपासली पाहिजेत.

पहिले नाव विनोद. ‘डब्यात खडे घालून खुळखुळवावेत तशी ही भाषा’ हे वाक्य आमच्या मंडळींत इतके जुने झाले आहे, की ते सांगणाऱ्यालाही आता हसू येत नाही. तरीही प्रत्येक नव्या माणसाला ते ऐकविले जाते. ज्या भाषेतला एकही शब्द ओळखीचा नाही, ती भाषा कोणाच्याही कानाला खड्यांसारखीच लागणार. सिन्नरच्या बाजारातली मराठी प्रथम ऐकणाऱ्या तमिळ माणसाला ती काही सतारीसारखी लागत नसेल. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपलीच आहे.

दुसरे नाव व्यवहार. ‘तीन-चार वर्षांत बदली व्हायची, मग शिकून काय उपयोग?’ तीन वर्षांत आम्ही विद्यापीठाची पदवी मिळविली, आणि त्या पदवीच्या आधारावर सरकारने आम्हांला जन्माची नोकरी दिली. त्याच तीन वर्षांत बाजारहाटापुरती आणि कचेरीपुरती एक भाषा येऊ नये, असे म्हणण्यात पदवीचा तरी अपमान आहे किंवा भाषेचा तरी. शिवाय हा युक्तिवाद आपण कोठे तरी ऐकलेला आहे. मुंबई-ठाण्यात वीस-वीस वर्षे राहून मराठीचे एक वाक्य न बोलणारा गृहस्थ हेच सांगतो : ‘माझे काम हिंदीत भागते, मी काही येथे कायमचा नाही.’ त्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून आपले रक्त उसळते. आपल्या तोंडी तेच वाक्य आले की तो शहाणपणा ठरतो!

या दुटप्पीपणाचा कळस आम्ही २०२५ साली पाहिला. महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला. त्यावर गदारोळ उठला आणि अखेर २९ जून रोजी माघार घ्यावी लागली. ते अडीच महिने आमच्या मराठी मित्रांच्या बैठकीत एकच विषय होता आणि प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी मूठ आपटून म्हणत असे, ‘भाषाभिमान शिकावा तर तो तमिळ लोकांपासून!’ आम्ही एकदा न राहवून विचारले, ‘अहो, तमिळ लोकांपासून भाषाभिमान शिकायचा, तर थोडी भाषाही का शिकू नये?’ त्यावर विषय चहाकडे वळला. १९६५ च्या जानेवारीत या प्रांतात हिंदीविरुद्ध जे आंदोलन पेटले, त्याचे दाखले तोंडपाठ. परंतु ज्या भाषेसाठी ते पेटले, तिच्यात पाणी मागता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. तमिळला हा दर्जा २००४ साली, सर्वांच्या आधी मिळालेला आहे. दोन अभिजात भाषा एकाच जिन्यावर समोरासमोर राहतात आणि एकमेकींशी इंग्रजीत बोलतात, याचे वैषम्य कोणालाच वाटत नाही.

तिसरे नाव नियम. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. नियम हा आमचा धर्मग्रंथ. १९७६ चे राजभाषा नियम साऱ्या भारताला लागू आहेत, फक्त तमिळनाडू राज्य त्यांतून वगळलेले आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ या हिंदीच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी रोख पारितोषिक आणि वैयक्तिक वेतन यांची तरतूद आहे, हेही ठाऊक आहे. हिंदी शिकणाऱ्यांविषयी आमची काहीच तक्रार नाही. परंतु खिडकीपलीकडे जो माणूस कागद घेऊन उभा आहे, त्याची भाषा शिका, असा एकही कागद आमच्या टेबलावर आजवर आलेला नाही. आणि कागद आला नाही म्हणून आम्हीही ती शिकलो नाही. येथे आम्ही दुसऱ्यांना नावे ठेवणे थांबवितो आणि स्वतःची गोष्ट सांगतो.

२०२३ च्या पावसाळ्यापूर्वीची ही गोष्ट. खाडीकाठच्या वस्तीतली एक विधवा बाई कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद घेऊन आमच्या खिडकीशी आली. अर्जात आडनावाचा रकाना मोकळा होता. शिवाय तिच्या दोन दाखल्यांवर तिच्या नावामागचे अक्षर वेगवेगळे होते. आम्ही ‘नावात तफावत’ असा शेरा मारून कागद परत केले. ती काही तरी सांगत होती. आम्ही ‘तमिळ तेरियादु’ हे आम्हांला येणारे एकमेव वाक्य म्हटले आणि पुढच्या माणसाला बोलाविले. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, तेच बोलली, तोच शेरा घेऊन गेली. तिसऱ्या खेपेस तिने शेजारचा एक शाळकरी मुलगा बरोबर आणला. त्या मुलाने मोडक्या इंग्रजीत जे सांगितले, ते ती बाई दोन्ही वेळा सांगत होती : ‘इनिशियल माऱिडुच्चु’, म्हणजे नावामागचे अक्षर बदलले. तमिळ माणसाला आडनाव नसते. नावामागे बापाच्या नावाचे आद्याक्षर लागते आणि लग्नानंतर पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत तेथे नवऱ्याचे अक्षर येते. जुना दाखला माहेरच्या अक्षराचा, नवा सासरच्या. तफावत कागदांत नव्हती. जी गोष्ट या गावात पोरासोरांना ठाऊक आहे, ती आम्हांला ठाऊक नव्हती, आणि त्या अज्ञानाचे बसभाडे त्या बाईने तीन वेळा भरले. प्रत्येक खेपेला तिचा एक दिवसाचा रोजगार बुडाला असेल, तो वेगळाच. आमच्यावर कोणी ठपका ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? आमचे सर्व शेरे नियमाला धरून होते.

इतके होऊनही आम्ही तमिळ शिकायला बसलो नाही, हे विशेष. बसविले ते एका रात्रीने. त्या वर्षीच्या डिसेंबरात मिचौंग वादळाच्या पुराबरोबर येथल्या खाडीत तेल पसरले होते. कोळ्यांच्या होड्या आणि जाळी काळी झाली होती. ते संकट ओसरते न ओसरते तोच २६ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास समुद्राखालून कारखान्याकडे जाणाऱ्या नळातून अमोनिया वायू सुटला. शेजारच्या वस्त्यांतील माणसे पोरेबाळे काखोटीला मारून रस्त्यावर धावली. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. आमच्या दारावर थापा पडल्या आणि कोणी तरी ओरडत राहिले, ‘वेळिये वांग! वेळिये वांग!’ अर्धवट झोपेत आम्हांला त्यात ‘वेळ’ ऐकू आली आणि ‘वांगी’ ऐकू आली. अपरात्री वांगी कोण विकतो, असा विचार करीत आम्ही अंथरुणावर बसून राहिलो. शेवटी शेजारच्या आजोबांनी आत शिरून दंडाला धरून बाहेर काढले. ‘वेळिये वांग’ म्हणजे ‘बाहेर या.’ आमचे नशीब की वारा आमच्या बाजूला जोराचा नव्हता. हिंदीने आणि इंग्रजीने काम भागते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की संकटकाळी शेजारी आपल्याला त्याच्या भाषेत हाक मारतो; तो भाषांतर करीत बसत नाही.

नव्या वर्षात आम्ही शिकू लागलो. कोणी शिक्षक नव्हता, वर्ग नव्हता. त्यात आम्ही ज्या चुका केल्या त्या पुढच्यांनी करू नयेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली चूक पुस्तकाची. ‘तीस दिवसांत तमिळ’ या जातीचे एक पुस्तक आम्ही आणले आणि त्यातील वाक्ये घोकून टपरीवर म्हटली. टपरीवाला आदराने ऐकत राहिला आणि गालांत हसला. कारण ते पुस्तक लिहिण्याची तमिळ शिकवीत होते. ‘येत आहे’ याला पुस्तकात ‘वंदु कोंडिरुक्किरेन’ असते, तर रस्त्यावर त्याचे ‘वंदुक्किट्टिरुक्केन’ होते. ग्रांथिक आणि बोलीतले अंतर मराठीतही आहे. येथे ते फार मोठे आहे. अठराव्या शतकात बेस्की नावाचा इटालियन पाद्री येथे आला, तमिळ पंडित झाला, आणि त्याने या दोन तमिळांसाठी दोन वेगळी व्याकरणे लिहिली. त्याला जे कळले ते आजच्या तीस-दिवसवाल्यांना कळू नये! नवशिक्याने आधी बोलीच धरावी. ग्रंथ पुढे वाचता येतात.

दुसरी चूक लिपी टाळण्याची. देवनागरीत तमिळ शब्द लिहून पाठ करणारे पुष्कळ आहेत; वर्षभराने ते होते तेथेच असतात. तमिळ लिपीत २४७ अक्षरे आहेत, या आकड्याला लोक भितात. प्रत्यक्षात स्वर १२, व्यंजने १८, त्यांच्या बाराखडीची २१६ आणि एक आयुध अक्षर, असा तो हिशेब आहे. आपली बाराखडी कोणी अशी मोजली तर मराठीला घाबरून माणूस पळून जाईल. ख, घ, छ, झ यांसाठी वेगळी अक्षरेच नाहीत. एकच अक्षर जागेप्रमाणे आवाज बदलते : ‘ट’ हे अक्षर शब्दाच्या पोटात एकटे आले तर ‘ड’ होते, जोडीने आले तर ‘ट’ राहते. म्हणून ‘कडल’ म्हणजे समुद्र आणि ‘पट्टु’ म्हणजे रेशीम, यांत अक्षर एकच. या प्रांतातल्या स्थानकांच्या पाट्यांवर तमिळ, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही नावे असतात. तमिळ आणि देवनागरी शेजारी शेजारी ठेवून सरकारने आपल्यासाठी फुकट अंकलिपी टांगून ठेवली आहे. आम्ही लोकलच्या खिडकीत बसून ती गिरविली आणि पंधरा दिवसांत दुकानांच्या पाट्या वाचू लागलो. अर्थ कळत नव्हता. पण खडे अक्षरे झाले होते.

तिसरी चूक इंग्रजीतून शिकण्याची. मराठी माणसाने तमिळ इंग्रजीच्या पुलावरून शिकणे म्हणजे शेजारच्या घरी जाण्यासाठी गावाला वळसा घालणे होय. आपल्या ‘मला माहीत आहे’ला तमिळमध्ये ‘एनक्कु तेरियुम’, म्हणजे शब्दशः ‘मला’च. ‘मी काल पाहिलेला माणूस’ ही आपली रचना ‘नान नेत्तु पात्त आळु’ अशी जशीच्या तशी बसते. ‘येतो म्हणून म्हणाला’ यातल्या ‘म्हणून’चे काम ‘वरेन्नु सोन्नान’ यातला ‘न्नु’ करतो. ‘नको’ या आपल्या लाडक्या शब्दाला हिंदीत एकशब्दी जोड नाही. तमिळमध्ये ‘वेंडाम’ आहे. ‘पुरे’ला ‘पोदुम’ आहे. अण्णा, अक्का, अप्पा तर दोन्ही घरचेच. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतला फरक येथे ‘वांग-पोंग’ आणि ‘वाडा-पोडा’ असा आहे, आणि तो चुकविला तर येथेही तसेच कान उपटले जातात. दाखलेदारांना पहारेकऱ्याच्या तोंडचे ‘वा’, ‘पो’ आम्ही पहिला महिनाभर म्हणत होतो; एका वृद्धाने ‘वांग’ म्हणायला शिकविले तेव्हा शरमलो. उलट निर्जीव वस्तूंना लिंग नसल्याने ‘तो वाडा, ती खुर्ची, ते टेबल’ ही पीडा येथे मुळीच नाही. ही जवळीक एका दिवसाची नव्हे. द्राविडी भाषांच्या दीर्घ शेजारामुळे मराठीला असे वळण पडले, असे अनेक विद्वान मानतात. शब्द बहुतेक अनोळखी आहेत, क्रियापदांची रूपे छळतात, आणि खुद्द ‘तमिळ’ या नावातला शेवटचा उच्चार आपल्या ‘ळ’हून निराळा असून तो आमच्या जिभेवर अजून बसलेला नाही. ते कष्ट आहेतच. पण वाक्याचा सांगाडा आपण आईच्या दुधाबरोबर शिकून आलेलो आहोत.

चौथी चूक लाजेची, आणि हीच सर्वांत महाग. हातात पदवी, सरकारी खुर्ची, आणि तोंडातून दोन वर्षांच्या पोराची वाक्ये. हे अनेकांना सोसवत नाही. आमची शिक्षिका खाडीवरच्या बाजारातली कोळीण होती. ‘इराल’ म्हणजे कोळंबी आणि ‘नंडु’ म्हणजे खेकडा, येथपासून तिने आरंभ केला. आमचे उच्चार ऐकून ती शेजारणीला हाक मारून हसवी आणि मग ‘तंबी’ म्हणून, म्हणजे धाकट्या भावाला सांगावे तसे, दुरुस्त करी. तिच्यासमोर टिकण्यासाठी तीन वाक्ये पुरली : ‘पुरियले’ (समजले नाही), ‘मेदुवा सोल्लुंग’ (हळू सांगा) आणि ‘इदु एन्न?’ (हे काय?). ही तीन वाक्ये ज्याच्या तोंडी आहेत, त्याला अवघा बाजार शाळा आहे. भ्रमणध्वनीवरचे धडे वाईट नाहीत. पण त्यांच्यापुढे कोणी लाजत नाही, म्हणून कोणी शिकतही नाही, असा आमचा अनुभव आहे.

हे काही नवे धाडस नव्हे. १६८४ ते १७१२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या शहाजीराजांनी संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच नाटकात नांदविल्या. १९३० च्या सत्याग्रहात साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. पुढे त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणले. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात विनोबांनी वेल्लोरच्या कोठडीत दक्षिणेच्या चारही भाषा शिकायला घेतल्या. आणि ज्यांना ही नावे फार सात्त्विक वाटतात, त्यांनी बंगळूरच्या एका मराठी घरातल्या शिवाजीराव गायकवाडांकडे पाहावे. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यांना तमिळ शिकण्याचा सल्ला दिला, त्यांनी तो मानला, आणि १९७५ पासून तमिळ मुलूख त्यांना रजनीकांत म्हणून डोक्यावर घेऊन नाचतो आहे. कैद्याला कोठडीत वेळ मिळाला, आणि आम्हांला एण्णूरच्या मोकळ्या हवेत मिळत नाही, हे कोणी मानावे?

बृहन्महाराष्ट्र हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो. गणेशोत्सव, नाटके, दिवाळी अंक, सारे आपण घराबाहेर राहूनही सांभाळले, हे भूषणच आहे. आमच्या पिढीला मराठी राखून ठेवायला त्याचीच मदत झाली. परंतु ज्या महाराष्ट्राच्या अंगणात शेजारी पाऊल ठेवीत नाही आणि जो शेजाऱ्याच्या अंगणात पाऊल ठेवीत नाही, तो बृहत् कसला? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. समोरच्याला वगळायचे तेव्हा ‘आम्ही’, त्याला धरून बोलायचे तेव्हा ‘आपण’. तमिळमध्ये नेमका हाच भेद ‘नांगळ’ आणि ‘नाम’ या शब्दांनी होतो. हा विवेक दोन्ही भाषांना आहे. तो भाषा बोलणाऱ्यांना असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

ती विधवा बाई पुढल्या वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन पुन्हा आली. या खेपेस मुलगा बरोबर नव्हता. काम दहा मिनिटांत झाले. त्यांतली पाच मिनिटे तिने आमचे उच्चार सुधारण्यात घालविली. निघताना ती म्हणाली, ‘पोय्ट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येते.’ आपल्याकडेही निरोप घेताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. आम्ही खुर्चीतून उठून म्हणालो, ‘पोय्ट्टु वांग.’ जाऊन या.